चढावर उलटे चालणारे वेंकोबराव

श्री. वेंकोबरावांशी माझा पहिला परिचय झाला तेव्हा मी चेन्नईच्या एग्मोर स्टेशनकडे जाणाऱ्या पुलाच्या चढावर, ऐन सकाळच्या गर्दीत, गाडी बंद पाडून बसले होते. गौरवलेखाची सुरुवात एखाद्या सभेतल्या किंवा व्यासपीठावरच्या भेटीने व्हावी असा संकेत आहे, हे मला ठाऊक आहे. पण ते वाहतूक पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आणि मी शाळेत गणित शिकवणारी बाई. आमची गाठ रस्त्यावर नाही तर कुठे पडणार?

थोडी पार्श्वभूमी सांगते. नमनाला घडाभर तेल घालणार नाही. माझे यजमान रेल्वेत होते. बदली होऊन आम्ही नागपूरहून चेन्नईला आलो आणि इथलेच झालो. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने गाडी घेतली, जुनीच, पण दररोज पुसून लखलखीत ठेवलेली. मला ती चालवता यावी म्हणून ते सारखे मागे लागायचे. मी टाळत राहिले, आणि एका दुपारी यजमान जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगा पुण्याला असतो. त्याचे म्हणणे सरळ होते: "आई, तिकडे एकटी काय करणार? घर विक, गाडी विक आणि ये." माझी शाळेची नोकरी अजून शिल्लक होती. शनिवारी आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात मी इथल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेत होते. आणि ज्या शहरात आमचा सगळा संसार झाला ते सोडून जायला माझा जीव तयार नव्हता. पण गुडघे इतके धरलेले की बसची पायरी चढताना कंडक्टरनेच हात द्यावा लागे. शेवटी माझ्यात आणि मुलात तह झाला. एक वर्ष मी इथे एकटीने गाडी चालवून, माझी मी राहून दाखवायचे. नाही जमले तर तोंडातून शब्द न काढता पुण्याला जायचे. मला जमणार नाही याची त्याला खात्री होती. खरे सांगायचे तर मलाही होती.

तर त्या सकाळी सिग्नल लागला म्हणून चढावर थांबले. हिरवा दिवा लागला, मी क्लच सोडला, गाडीने एक आचका दिला आणि बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती मागे घरंगळली आणि मागच्या रिक्षाला टेकली. रिक्षावाला उडी मारून उतरला. "एन्नम्मा, वंडी ओट्टत् तेरियुमा, तेरियादा?" म्हणजे, बाई, गाडी चालवता येते की नाही? त्याच्या मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. कोणी तरी ओरडले की बायकांनी घरी बसावे. तमिळ मला बोलता येत नाही फारसे, पण असली वाक्ये कळायला भाषा लागत नाही.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. यजमान गेल्यापासून गाडीत मी त्यांच्याशी बोलते, चांगली मोठ्याने. घरात बोलले असते तर शेजाऱ्यांना वाटले असते की बाईंचे डोके फिरले. गाडीत लोकांना वाटते, फोनवर बोलत असेल. त्या दिवशी काच खाली होती आणि माझा बांध फुटला. "अहो, बघताय ना? 'तुला जमेल, तुला जमेल' म्हणून मला भरीला घातलंत आणि स्वतः निघून गेलात! आता कोण येणार मला सोडवायला? उद्याच्या उद्या विकते ही गाडी. तुमची खुर्ची, तुमचं टेबल, सगळं विकते आणि जाते पुण्याला. मग या शोधायला!"

बोलता बोलता लक्षात आले की खिडकीशी कोणी तरी उभे आहे. पांढरा शर्ट, खाकी पँट. शहाण्याने कोर्टाची नि पोलिसांची पायरी चढू नये असे आपण म्हणतो, इथे पोलीस खाते स्वतःच चालत आले होते. पण ते गृहस्थ माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाठ करून ते गाड्यांकडे बघत उभे होते, आणि एक हात रिक्षावाल्याला दाखवून त्याला गप्प ठेवत होते. मी ओढणीने तोंड पुसले, नाक शिंकरले, तेव्हा कुठे ते वाकले. "मॅडम, मोदल्ल तण्णी कुडिंग." आधी पाणी प्या. मागून हॉर्न वाजत असताना त्यांनी मला माझ्याच बाटलीतले पाणी शांतपणे प्यायला लावले.

एव्हाना एक धट्टाकट्टा तरुण पुढे आला होता. मी बाजूला सरकले तर तो गाडी काढून देणार होता. मी तर दार उघडायलाही लागले होते. वेंकोबरावांनी ते दार बाहेरून अलगद लावून टाकले आणि त्याला म्हणाले, "वेण्डाम, तंबी. अवंगळे एडुप्पांग." नको बाळा, त्याच काढतील. मग रिक्षावाल्यालाच त्यांनी कामाला लावले. ज्याने आत्ता मला ऐकवले होते तो माणूस पुलाच्या कडेचा एक दगड आणून माझ्या मागच्या चाकाला लावत होता. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडी थरथरायला लागली की हँडब्रेक सोडा, असे त्यांनी तमिळ आणि इंग्रजी मिसळून सांगितले. एवढे सांगून ते गाडीच्या पुढे गेले, माझ्याकडे तोंड केले आणि उलटे, मागे मागे चालत चढ चढायला लागले. दोन्ही हातांनी मला बोलावत होते. "वांगा, वांगा. मेल्ल. मेल्ल." या, या. हळू, हळू. लहान मूल पहिली पावले टाकते तेव्हा समोर बसून आपण बोलावतो ना, अगदी तसे.

गाडी निघाली. बाजूने बसेस जात होत्या, पण मला फक्त ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ दिसत होते. माथ्यावर पोचल्यावर ते बाजूला झाले आणि मी गेले. धन्यवाद म्हणायचेही राहून गेले. गाडी मात्र विकली नाही.

पुढे दर शनिवारी वर्गाला जाताना तोच पूल लागे. वेंकोबराव चौकात असले तर माझी गाडी ओळखून तळहात खाली करून हळूच हलवीत: मेल्ल, मेल्ल. कधी मीच घाईत असले तर ती खूण पाहून पाय आपोआप सैल होई. त्यांच्याशी बोलणे असे काही होत नव्हते. मी काचेतून नमस्कार करी, ते मान हलवीत.

पाडव्याला आपल्या मंडळाचे जेवण असते. त्या वर्षी तंजावरकडच्या काही मराठी कुटुंबांना बोलावले होते. पंगत वाढत असताना मी श्रीखंडाचे भांडे घेऊन फिरत होते आणि एका पानापुढे थबकले. धोतर, अंगवस्त्र, कपाळाला गंध, आणि चेहरा ओळखीचा. शेजारी त्यांच्या पत्नी, कमलाक्का. वेंकोबराव उठून उभे राहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "बरं आहां की? गाडी चोखोट चालते?" चोखोट म्हणजे त्यांच्याकडे उत्तम. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या तंजावरात गेल्या तरी घरची बोली मराठीच आहे, हे मला तेव्हा कळले. आपण महाराष्ट्रातून आलेले लोक या शहरात एक चूक हमखास करतो. समोरचा माणूस काळासावळा, मिशाळ आणि गणवेशातला असला की तो तमिळच, आणि आपण मराठीत काहीही बोलायला मोकळे, असे आपण धरून चालतो. पुलावर मी काय काय बोलले होते ते सगळे एका क्षणात आठवले.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला सगळं कळत होतं?" मी विचारले.

"कळलं की."

"मग मराठीत बोलला का नाहीत? मला केवढा धीर आला असता!"

वेंकोबराव पानाकडे बघत म्हणाले, "तुम्ही यजमानांशीं बोलत होतां. मधें मी कसं बोलूं?"

मी श्रीखंडाचे भांडे तिथेच ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन यथेच्छ रडले. यजमान गेल्यानंतर मला अनेकांनी अनेक प्रकारे समजावले होते. काळ हेच औषध, मन रमवा, मुलाकडे जा. मी त्यांच्याशी अजून बोलते हे कोणालाच सांगितले नव्हते, आणि ज्या एका माणसाने ते ऐकले त्याने आम्हा दोघांना बोलायला जागा करून दिली होती. मागे वळून न बघता, भर रस्त्यात, सगळी वाहतूक अडवून. त्या दिवसापासून मी त्यांना मनाने भाऊ मानले.

आता त्यांच्या गुणांविषयी क्रमाने लिहायला हवे, पण मला क्रम येत नाही, प्रसंग आठवतात. एकदा साताऱ्याकडचे एक वृद्ध जोडपे रामेश्वरच्या यात्रेला निघालेले, त्यांची बस त्यांना स्टेशनसमोर विसरून पुढे गेली. वेंकोबरावांनी दोघांना चौकातल्या पोलिसांच्या छत्रीखाली खुर्च्या देऊन बसवले आणि बसवाल्याचा शोध लावायला घेतला. आजोबा मात्र खवळले. पोलिसाने बसवले म्हणजे अटकच, असा त्यांचा समज. "मी काय गुन्हा केलाय? आधी ते सांगा!" वेंकोबरावांनी आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत त्यांची समजूत काढली, "भिऊं नका. बस येते. तंववरि बसून घ्या." आजोबा बायकोला म्हणाले, "अगं, हे साहेब पोथीतलं बोलतात!" बस परत येईपर्यंत आजोबा त्यांना सोडायला तयार नव्हते. जाताना यात्रेच्या पिशवीतला लाडूचा डबाच त्यांच्या हातात देऊ लागले. वेंकोबरावांनी त्यातला एक लाडू घेतला आणि डबा परत केला.

याच माणसाने आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना सीटबेल्ट न लावल्याबद्दल पावती फाडली आहे, हेही या स्मरणिकेत नोंदले जावे. अध्यक्ष रागावतील तर रागावोत. त्यांनी गाडीतून ओळख दिली, पाडव्याच्या जेवणाची आठवण दिली. वेंकोबराव म्हणाले, "जेवण चोखोट होतं," आणि पावती हातात दिली. एकदा मीही थांबायच्या रेषेच्या पुढे गेले होते. भाऊ मानले आहे, सोडतील, असे वाटले होते. हात दाखवून अवलक्षण! त्यांनी मला गाडी मागे घ्यायला लावली आणि नंतर दंडही भरायला लावला. घरी जाताना गाडीत मी यजमानांकडे तक्रार केली, पण तिकडूनही मला पाठिंबा मिळाला असे वाटले नाही.

आणखी एक नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. मी कितीदा तरी त्यांना घरी सोडण्याचा आग्रह केला असेल. ड्युटी संपवून ते बस स्टॉपवर उभे असायचे, त्यांचे घर माझ्या वाटेवर, गाडी रिकामी. ते नुसते हसत. एकदा कारण सांगितले. ज्याला रस्त्यावर मदत केली त्याच्या गाडीत गणवेशात बसायचे नाही. बघणाऱ्याला वाटेल, मदतीचे काही तरी घेतले. मग दुसऱ्या दिवशी मदत घेताना लोक कचरतील. मी कितीही वाद घातला तरी ते बसले नाहीत. मी गाडीने पुढे निघे आणि आरशात बस स्टॉपवर उभे असलेले वेंकोबराव दिसत.

या सगळ्याची किंमत कमलाक्कांनी मोजली आहे, आणि त्यांच्याविषयी न लिहिणे हा अन्याय ठरेल. दिवाळी, पोंगल, रथोत्सव, सगळ्यांचे सण तेव्हा पोलिसांची ड्युटी. कमलाक्का एकटीने सण करतात आणि ताट झाकून ठेवतात. त्या बोलायला फटकळ आहेत आणि मनाने साखर. त्यांनीच मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. वेंकोबराव तेव्हा पोलिसांत नुकतेच भरती झालेले. तंजावरजवळच्या गावात लग्न. वऱ्हाड कार्यालयाकडे निघाले तर वाटेतल्या अरुंद वळणावर एक बस आणि एक लॉरी समोरासमोर अडकलेली. वऱ्हाडी बसून राहिले. नवरदेव मात्र गाडीतून उतरले, बाशिंग डोक्याला, आणि लॉरीच्या मागे उलटे चालत तिला मागे घेऊ लागले. "मुहूर्ताची वेळ, भटजी बोंबलतात, मी पाटावर," कमलाक्का म्हणाल्या, "आणि हे तिकडे लॉरी सोडवतात! माझे अप्पा म्हणाले, पोरीला ह्यांच्याशी देऊं नको. मीच म्हटलं, देऊन टाका. परक्याच्या लॉरीला सोडून येत नाही तो बायकोला कुठे सोडेल?"

आता माझ्या तहाचे काय झाले ते. वर्ष भरत आले तेव्हा मुलगा आला. परीक्षा घ्यायलाच आला होता, वरवर म्हणाला नाही इतकेच. लहानपणी त्याला एग्मोरच्या एका हॉटेलातला डोसा फार आवडायचा, म्हणून एका सकाळी त्याला शेजारी बसवून निघाले. त्या पहिल्या सकाळनंतर चढावर एकदाही न बंद पडलेली गाडी त्या दिवशी, त्याच चढावर, मुलगा बघत असताना बंद पडली. हॉर्न सुरू झाले. मुलाने पट्टा सोडला. "आई, ऊठ. इकडे ये, मी काढतो." आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि तीच मला सोसवेना. मी उठले असते तर चेन्नईतले माझे दिवस संपले होते. माझा हात दाराकडे गेलाही.

तेवढ्यात खिडकीत पांढरा शर्ट आला. या खेपेला मी कोणाशी बोलत नव्हते, म्हणून वेंकोबराव बोलले, आणि मराठीत बोलले. "तुम्ही बसा," ते मुलाला म्हणाले. "ज्यांनीं आणली त्याच काढतील. त्यांना येतं. मी बघितलं आहे." आणि गाडीच्या पुढे जाऊन ते पुन्हा उलटे चालायला लागले.

मी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. गाडी थरथरली. हँडब्रेक सोडला. गाडी एक इंचही मागे न जाता वर निघाली. माथ्यावर त्यांनी बाजूला होऊन मुलाला एक सलाम ठोकला. हॉटेलात डोसा आला. मुलगा चटणीत बोट बुडवत म्हणाला, "आई, पुण्याला यावंसं वाटेल तेव्हा ये. पण गाडी घेऊन ये, मला ऑफिसला सोडायला बरं पडेल." मी अजून चेन्नईत आहे. शनिवारचा वर्ग चालू आहे, आणि वेंकोबरावांची नात त्यात पहिल्या बाकावर बसते.

या महिन्याच्या अखेरीस वेंकोबराव निवृत्त होत आहेत आणि त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. इकडच्या रिवाजाप्रमाणे साठीला नवराबायकोचे पुन्हा लग्न लागते, पुन्हा मंगळसूत्र, पुन्हा अक्षता. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी म्हणतात. इथे साठीला बोहल्यावर चढवतात, आणि मला हा रिवाज अधिक पटतो. कमलाक्कांची एकच अट आहे: या वेळी नवरदेव वेळेवर आला पाहिजे. ती जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली आहे. त्या दिवशी गणवेश खुंटीला असेल, म्हणजे वेंकोबरावांच्या नियमाचीही अडचण नाही. माझी गाडी धुऊन, झेंडूच्या माळा लावून सकाळीच त्यांच्या दारात उभी राहील.

तेव्हा वेंकोबराव, आपणांस या लेखातून आगाऊ सूचना देते. आपण कमलाक्कांच्या शेजारी मागच्या सीटवर, पट्टा लावून बसायचे आहे. वाटेत बस, लॉरी, काहीही अडकले तरी उतरायचे नाही. पुलाच्या चढावर माझी गाडी बंद पडली तरीही नाही. ज्यांनी आणली त्याच काढतील. आपणां उभयतांना उत्तम आरोग्य लाभो, झाकून ठेवलेले ताट आता कमलाक्कांना पुन्हा कधी दिसू नये, आणि आमच्या गाड्यांना आपला तळहात पुढेही कित्येक वर्षे 'मेल्ल, मेल्ल' सांगत राहो, ही आपल्या सर्व स्नेह्यांच्या वतीने प्रार्थना.

आणि एक खासगी विनंती. त्या सकाळी गाडी चालवताना मला यजमानांना सांगायचे आहे की आज मागे कोण बसले आहे ते बघा. मोठ्याने सांगणार आहे. तेवढा वेळ आपण कृपया खिडकीबाहेर बघावे, आणि आपल्याला मराठी येत नाही असे दाखवावे.